बिननावाची गिटार

सोमवार, ४ नोव्हेंबर

लिहायचं लिहायचं म्हणून ही वही रोज उशाशी घेऊन झोपते, आणि रोज सकाळी ती गादीखाली सापडते. आधी पेन चालत नव्हतं. मग पेन मिळालं तर काय घडलं ते आठवेना. मग समोरच्या इमारतीच्या काचा पुसायला एक माणूस दोराला लटकून आला आणि माझा अख्खा दिवस त्याच्यात गेला. तो फडकं पिळायचा तेव्हा खालून जाणारे लोक वर बघायचे — पाऊस आला की काय! असं काही समोर चालू असताना कोण लिहीत बसणार?

आज काचा स्वच्छ आहेत. कारणं संपली.

तर, माझ्याकडे गिटार आहे!

मावशीने मला जुन्या सामानाच्या दुकानात पाठवलं होतं ते इस्त्रीचं टेबल बघायला. तिची लाँड्री आहे, वर आम्ही राहतो. म्हणजे ती राहते, मी सध्या आहे. तिच्या टेबलाचा एक पाय लंगडतोय. मी गेले, टेबल बघितलं, टेबल बरं होतं. आणि टेबलामागे ती. लाल, विजेवर चालणारी, एका कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी. शिक्षा केल्यासारखी.

घेऊन आले.

मावशी म्हणाली, "हे टेबल आहे?"

"नाही."

"मग आता शर्ट हिच्यावर इस्त्री करू?"

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मावशीचा हुकूम झालाय.

तिच्या धंद्याचा एक नियम आहे. धुवायला आलेल्या कपड्याच्या खिशात जे सापडेल ते पाकिटात घालायचं आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. मग ते काही का असेना. तिने सुटी बटणं परत केली आहेत, अर्धी खाल्लेली गोळी परत केली आहे. एकदा एका गृहस्थांच्या कोटातून भलत्याच बाईची चिठ्ठी निघाली, आणि पावती घेऊन कोट न्यायला नेमकी त्यांची बायको आली. मावशीने कोट दिला, चिठ्ठी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी गृहस्थांना आत बोलावून, दार लोटून, चिठ्ठी हातात ठेवली. वर म्हणाली, "यापुढे खिसे रिकामे करून देत चला."

तर हुकूम असा. "एवढी वस्तू कोणी उगाच टाकत नाही. कुणाची आहे ते शोधून काढ. मालकाने मनापासून विकली असेल तर तुझी. नसेल तर परत द्यायची. तोवर वाजव हवी तेवढी, पण आपली म्हणायची नाही."

मी म्हटलं, "अगं मी विकत घेतलीय!"

"ज्याने विकली त्याची होती का?"

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि खरं सांगायचं तर मला ती हवीच आहे. माझ्याकडे आजवर टिकलेली वस्तू म्हणजे ही वही, आणि तीही बरीचशी कोरी.

बुधवार, ६ नोव्हेंबर

नाव नाही! कंपनीचं नाव असतं ना वर, जिथे तारा गुंडाळतात तिथे — कोरं. मागे पत्रा आहे, त्यावर नंबर असतो म्हणे. तोही नाही. वाद्यांच्या मोठ्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "बाहेरची आहे."

"बाहेरची म्हणजे कुठली?"

"बाहेरची."

तिथे एक दाढीवाला उगाचच उभा होता. त्याने गिटारवर टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाला, "जपान." मग कान लावून पुन्हा टिचकी मारली. "जुनं जपान." मला वाटलं आता रस्त्याचं नाव आणि घर नंबरही सांगेल.

येताना एका दुकानात जिवंत खेकडे बघत उभी राहिले. खेकडे सगळे एकाच कोपऱ्यात का चढतात?

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आवाजाचं सांगायचंच राहिलं. मावशीच्या जुन्या रेडिओला जोडून बघितली. आवाज आहे, पण बटणं वेड्यासारखी वागतात. दोन बटणं आहेत. एक आवाज लहानमोठा करायचं, एक आवाजाचा पोत बदलायचं, म्हणजे टोनचं. पहिलं उलटं चालतं. उजवीकडे फिरवलं की गप्प, डावीकडे फिरवलं की ओरडते. दुसरं तर चालतच नाही. फिरवलं की नुसती खरखर, कोणी पत्र्यावर वाळू ओतावी तशी. आणि स्वर इतका टोकदार की मावशीने खालून झाडू आपटला.

मावशी म्हणते रेडिओवाल्या काकांकडे जा. आमच्याच गल्लीच्या टोकाला. "तोंडाने फटकळ आहे, हाताने चांगला आहे."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

रेडिओवाले काका. दुकान एवढं चिंचोळं की गिटार आडवी घेऊन शिरताच येत नाही. भिंतीला पोट फाडलेले रेडिओ. बिस्किटाच्या डब्यात रिमोट, चार्जर, कुणाकुणाचे स्क्रू. चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधलेली — दुसऱ्यांचं दुरुस्त करून दमल्यावर स्वतःच्या चष्म्यावर जे उरलं ते.

"काय शिकलीस गं?"

"थोडं थोडं सगळं."

"म्हणजे काही नाही. आणि काम?"

मी सांगायला लागले. रोपवाटिका, छापखाना, बोटीवर भांडी घासायचं, एका बाईंच्या आंधळ्या कुत्र्याला फिरवायचं. कुत्र्यापर्यंत आल्यावर ते म्हणाले, "बास, भटकभवानी. स्क्रूड्रायव्हर दे तो."

मागचं झाकण उघडलं. बघितलं. आणि सुरू झाले! "हे कोणी जोडलंय? कोण गाढव बसलं होतं? सगळं उलटं! उजवीकडची तार डावीकडे, डावीकडची उजवीकडे. बटण उजवीकडे फिरवलं की वाढायला हवं, जगात सगळीकडे तसंच असतं, याला कोणी सांगितलं नव्हतं?" मग चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं आणि जरा खालच्या आवाजात, "डाख मात्र सुंदर दिलाय. हुशार गाढव होतं."

डाख म्हणजे तार जिथे कथील वितळवून जोडतात तो ठिपका. मला वाटत होतं त्याला सोल्डर म्हणतात. काका म्हणाले, "तू म्हण. मी डाख म्हणतो."

एक शोध लागला. टोनच्या बटणातून एक चपटा तांबडा कपॅसिटर निघतो, आवाजाची धार बोथट करणारा, त्याचा एक पाय तुटलाय. म्हणून बटण मुकं. आणि आत धूळ, म्हणून खरखर. काका म्हणाले, "करू. पण करशील तू. मी सांगेन."

मी!

शनिवार, ९ नोव्हेंबर

माझा पहिला डाख. काकांनी तो भिंगाखाली धरला.

"हा डाख आहे की चिमणीने केलंय?"

रविवार, १० नोव्हेंबर

पुन्हा केला. "चिमणी मोठी झाली," म्हणाले.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज गेले नाही. पुलाखाली एका नावेला रंग देत होते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आजही नाही. रंग वाळायचा होता ना.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काकांनी विचारलं, "दोन दिवस कुठे होतीस?" मी सांगितलं. "मग नाव चालवता येते का आता?" नाही म्हटलं. "कपॅसिटर बसवता येतो?" नाही म्हटलं. "मग दोन्हीकडून गेलीस की."

पण आज बसवला! बटणाच्या फटीत औषधाची फुस्स मारली, ते पुढेमागे फिरवलं, खरखर गेली. नवीन कपॅसिटर लावला. माझा डाख त्यांनी भिंगाखाली धरला आणि काहीच बोलले नाहीत. काका काही बोलले नाहीत की ती शाबासकी समजायची, हे मला आता कळतं.

मग त्यांनी स्वतः दोन्ही बटणांच्या टोकांच्या तारा कापल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. "आता झाली माणसासारखी." मागच्या बाजूला लाकडात बुजवलेली भोकं आहेत, ओळीने. ती बघून म्हणाले, "जपान कसलं! कुणाच्या तरी कपाटाची गिटार केलीय. आपल्यापैकीच कोणीतरी घरी बसून घडवलीय ही."

म्हणजे माझी गिटार कारखान्यातली नाहीच. मला का कोण जाणे, जास्तच आवडायला लागली.

उद्या वाजवून बघायची.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

विचित्र झालं.

काकांच्या स्पीकरला तार जोडली, वाजवली. टोनचं बटण आता उजवीकडे बरोबर फिरतं. पण फिरवत जा, फिरवत जा, काही फरक नाही. अगदी शेवटी आलं की एकदम! एक तर कानात सुई, नाहीतर डोक्यावर गोधडी. मधलं काहीच नाही. आवाजाच्या बटणाचंही तेच.

"बिघडवलंत तुम्ही," मी म्हटलं. गंमतीने म्हटलं होतं.

काका हसले नाहीत. त्यांनी टोनचं बटण पुन्हा काढलं, मागचे पत्र्याचे कान सरळ करून ते उघडलं. आत घोड्याच्या नालासारखी एक काळी पट्टी असते, तिच्यावरून बटणाची जीभ फिरते. पट्टी भिंगाखाली धरली. बराच वेळ.

मग समजावून सांगितलं. कान सरळ रेषेत ऐकत नाही म्हणे. म्हणून ती पट्टी एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ भरतात, म्हणजे बटण फिरवताना फरक हळूहळू ऐकू येतो. सगळ्या बटणांत ती उजवीकडे फिरवण्यासाठी भरलेली असते. हिच्यात उलटी होती. मुद्दाम डाव्या बाजूला फिरवण्यासाठी केलेली.

"म्हणजे ते गाढव चुकलं नव्हतं?"

"नव्हतं." मग म्हणाले, "असलं बटण इथे मिळत नाही. मागवावं लागतं. मी ते आयुष्यात एकदाच मागवलंय."

"कुणासाठी?"

"घरी जा आता."

आणि दुकान बंद केलं! भर दुपारी. मावशी म्हणते, तिने हे दुकान दुपारचं बंद झालेलं कधी पाहिलं नाही. "काय केलंस तू?" म्हणून माझ्याकडे बघतेय. मी काहीच केलं नाही. या वेळी खरंच.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

काकांना एक धाकटा भाऊ आहे. सकाळी गेले तर स्वतःहून सांगायला लागले. गिटार समोर, हात मांडीवर.

धाकटा डावखुरा. दोघं याच दुकानात शेजारी शेजारी बसायचे. काकांच्या मते त्याच्यासारखा हात त्यांनी पुन्हा पाहिला नाही, पण डोकं तिरकं. गिऱ्हाइकांचे रेडिओ दुरुस्त करताना बटणं स्वतःच्या हाताला सोयीची करून ठेवायचा. डावीकडे वाढणारी! "एक म्हातारी यायची," काका म्हणाले. "झोपताना रेडिओ बंद करायला जायची आणि तो एकदम किंचाळायचा. ती म्हणायची माझ्या रेडिओत भूत आहे. आणि हा मागे बसून हसतोय."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, मग गेलं.

शेवटी दोघांचं भांडण त्यावरूनच झालं. काका म्हणाले, जग उजव्या हाताचं आहे, तसं वाग. तो म्हणाला, तुमचं जग तुम्हाला लखलाभ. आणि गेला. त्याआधी गिटार करतोय, गिटार करतोय म्हणायचा, त्यासाठी ती उलटी बटणं काकांनीच मागवून दिली होती. गिटार झालेली त्यांनी कधी पाहिली नाही.

"जाताना काही नेलं नाही त्याने," म्हणाले. आणि बोलता बोलता थांबले. गिटारच्या पाठीवरच्या त्या बुजवलेल्या भोकांकडे बघितलं. मग स्वतःच्या टेबलाकडे.

त्यांच्या कामाच्या टेबलाला चार फळ्या आहेत. तीन काळ्या पडलेल्या आणि एक गोरीपान. मी गिटार उचलून त्या गोऱ्या फळीच्या कडेला धरली. फळीखालच्या आडव्या पट्टीवर, नव्या स्क्रूंच्या बाजूला, जुन्या स्क्रूच्या खुणा होत्या. भोकाला भोक जुळलं!

काका पाहतच राहिले. "माझी फळी!"

ही फळी चोरीला गेली अशी त्यांची इतकी वर्षं समजूत. आणि चोर कोण, तर शेजारचा चपलांचा दुकानदार, कारण त्याच सुमारास त्याने नवीन कपाट केलं होतं. तेव्हापासून काका त्याच्याशी बोलत नाहीत!

"आता?" मी विचारलं.

"आता काय?"

"चपलावाले."

"तू गप्प बस."

शनिवार, १६ नोव्हेंबर

काका चपलावाल्यांकडे गेले. मी दारात उभी राहून ऐकलं. काका एवढंच म्हणाले, "फळी सापडली." चपलावाले म्हणाले, "कसली फळी?" त्यांना माहीतच नव्हतं की त्यांच्याशी अबोला आहे! त्यांना वाटत होतं हा माणूसच असा आहे.

काका परत आले ते नवीन चप्पल घेऊन.

रविवार, १७ नोव्हेंबर

मावशीला सगळं सांगितलं. तिने एक शर्ट उलटा, एक सुलटा असं घडी घालत ऐकलं.

"मग मालक तो भाऊ."

"घडवली त्याने. पुढे विकलीही असेल."

"असेल म्हणजे? विचारून ये."

बोटीवरच्या मित्राचा निरोप आलाय. सफरचंदं तोडायला माणसं हवीत, लगेच नीघ. एरवी मी पिशवी भरून एव्हाना जिन्यात असते. त्याला म्हटलं, थोडं थांब, एका बटणाचं काम आहे. तो म्हणाला, "एका काय?"

सोमवार, १८ नोव्हेंबर

जुन्या सामानाच्या दुकानात गेले. (टेबल विकलं गेलं. मावशीला सांगायचं राहिलंय.) दुकानदार म्हणाला, गिटार एका घरातून आली. रिकाम्या केलेल्या घरातून. कपाटं, भांडी, गाद्या, सगळं एकदम उचललं.

"घर का रिकामं केलं?"

"माणूस गेला असेल. नाहीतर जागा बदलली असेल. आम्ही विचारत नाही, उचलतो."

पत्ता दिला त्याने.

काकांना सांगताना मी 'जागा बदलली असेल' एवढंच सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. रिकाम्या घराचा माल बाजारात कधी येतो हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. ते एवढंच म्हणाले, "माझ्याहून लहान आहे तो."

आणि माझ्या मनात काय आलं ते इथे लिहिते, म्हणजे तिथून निघेल. भाऊ नसेल तर गिटार माझी. असं आलं. अर्धा क्षण. पण आलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

त्या घराकडे निघाले. बसमध्ये चुकून आधीच उतरले. तिथे एक तळं होतं, तळ्यात बदकं, एका बदकामागे दहाबारा पिल्लं, आणि सगळ्यात शेवटचं सारखं मागे पडून धावतंय. मी बघितलं. आणि पुढे चालायला लागले! इथे नोंद असू दे. मी बदकं सोडून पुढे गेले.

घर कुलूपबंद. खालच्या मजल्यावरच्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. म्हटलं, वर कोण राहायचं? "होते एक. एकटेच. किल्ली डाव्या हाताने लावायचे, म्हणून कुलूप कायम अडकायचं त्यांचं." तोच!

"आता कुठे आहेत?"

"आजारी होते गं. एका सकाळी गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. मग काही दिवसांनी सामान नेलं."

"कोणी नेलं? बरे आहेत का ते?"

"मी माझ्या लेकाकडे गेले होते त्या दिवसांत. मला कसं ठाऊक?"

निरोप आणि दुकानाचा पत्ता ठेवून आले. कोणी विचारायला आलं तर सांगा, गिटार त्यांच्या थोरल्या भावाच्या दुकानात आहे. बाई म्हणाल्या, "सांगीन. पण त्यांच्याकडे कोणी येताना मी तरी पाहिलं नाही."

बुधवार, २० नोव्हेंबर

काकांना या वेळी सगळं सांगितलं. आजारी होता, गाडी आली, पुढचं माहीत नाही. कुलपाचंही सांगितलं.

ते ऐकून म्हणाले, "मी त्याला म्हणायचो, कुलपं तरी उजव्या हाताने उघड. ऐकेल तर शपथ."

मग उठले आणि त्या उघडलेल्या बटणाची पट्टी साफ करायला लागले. इतकं सांभाळून की मीही श्वास रोखून धरला. पत्र्याचे कान परत दुमडले. "चल. होतं तसं करायचं."

"उलटं?"

"त्याचं तेच सुलटं."

तारा मी कापल्या, मी जोडल्या. काका शेजारी बसून फक्त बोट दाखवत होते. त्या जुन्या सुंदर डाखांच्या शेजारी माझे डाख म्हणजे लग्नाच्या पंगतीत चिखलाच्या पायांनी आलेली पोरं. पण धरलं! तार लावली, वाजवली. आवाजाचं बटण डावीकडे — वाढला. टोनचं बटण हळूहळू डावीकडे... काय सांगू! आधी ढगाळ, मग जरा उजळ, मग आणखी उजळ, शेवटी लख्ख. एक एक पायरी ऐकू येत होती. मला दोनच सूर वाजवता येतात, तेच आलटून पालटून वाजवत बसले. रिमोट न्यायला आलेला एक माणूस रिमोट विसरून ऐकत उभा राहिला.

काका भिंतीकडे तोंड करून काहीतरी शोधत होते. तिथे शोधण्यासारखं काही नाही, मला माहीत आहे. मी वाजवत राहिले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काका म्हणाले, "ने घरी. वाजव. पडून राहण्यापेक्षा बरं."

मी हो म्हणणार तेवढ्यात मावशी! स्वतः! लाँड्री सोडून! हातात कुणाची तरी पँट तशीच.

"मालकाने सांगितलं का विकली म्हणून?"

काका म्हणाले, "मी भाऊ आहे त्याचा."

"माझ्याकडे भाऊ येतात भावाचे कपडे न्यायला. पावतीशिवाय देत नाही मी. ज्याचा कपडा त्याची पावती."

"अहो, पण फळी माझी आहे!"

"मग फळी काढून घ्या तुमची. गिटार राहू दे."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी डब्यातले स्क्रू मोजायला लागले. शेवटी असं ठरलं की गिटार दुकानातच भिंतीवर टांगायची. मालकाची खबर लागेपर्यंत मी रोज येऊन वाजवायची, दुकानाबाहेर न्यायची नाही. मावशी जाताना दारात थांबली आणि काकांना म्हणाली, "खबर चांगली येईल." तिचा आवाज असा मऊ मी कधी ऐकला नव्हता. मग लगेच, "आणि तू, टेबलाचं काय झालं?"

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सफरचंदवाल्या मित्राला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "तू बरी आहेस ना?"

काका दिवसभर दाराकडे बघतात. कोणी आलं की आधी मान वर, मग रिमोट दिसला की मान खाली. मला म्हणतात, "तू दाराकडे बघू नकोस सारखी, काम कर."

शनिवार, २३ नोव्हेंबर

दुकानात बसूनच लिहितेय, घाईत. आत्ता एक मुलगी आली. माझ्याच वयाची असेल. काकांनी मान वर केली, तिचे हात रिकामे पाहून म्हणाले, "काय बिघडलंय?" ती भिंतीवरच्या गिटारकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्ही थोरले काका ना?"

काकांना पुतणी आहे हे काकांनाच माहीत नव्हतं! तिला कुंड्यांवाल्या बाईंनी सांगितलं म्हणे. बाबांना दवाखान्यातून ती आपल्या घरी घेऊन गेली, आणि जुनं घर आवरताना सगळ्या सामानाबरोबर गिटारही चुकून गेली. कुठे कुठे शोधली तिने.

"बाबा रोज विचारतात, कुठे आहे? मी त्यांना सांगितलंय, दुरुस्तीला दिलीय." तिला रडू येतंय की हसू, कळत नाही. "मिळेल का आज?"

दोघंही माझ्याकडे बघतायत. मी स्टूल घेऊन भिंतीपाशी चाललेय.